दहा फुटी रॉड, मरळ आणि डिसेंबरातली दापोली

ब्रह्मपुरी भागातल्या एका तरुण भावानं विचारलंय: व्हिडिओ पाहून दहा फुटांचा रॉड आणि सहा हजार साइझचं स्पिनिंग रीळ घेतलं. गावच्या तलावावर आणि वैनगंगेच्या डोहावर उन्हाळाभर टाकून पाहिलं, पण एक मासोळी लागली नाही. शेजारी बसणारे आजोबा बांबूच्या काठीनं पिशवी भरून नेतात. डिसेंबरात घरचे दापोलीला जाणार आहेत, तर हा रॉड तिथं चालेल का, की विकून टाकू? आणि मरळ धरायची तर नेमकं काय घेऊ?

विकू नका भाऊ, दापोलीला तो कामाचा आहे. इथं तो का चालत नाही, हे त्याच्यावरच छापलेलं असतं. मुठीच्या थोडं वर बघा, १००–२०० ग्रॅम असा काहीतरी आकडा दिसेल. तेवढं वजन टोकाला लटकलं की हा रॉड नीट वाकतो आणि वाकलेला रॉड सुटतो तेव्हाच फेक लांब जाते. समुद्रावर फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडं शिसं पोचवायचं असतं, त्यासाठी बनवलेली ही वस्तू आहे. मरळीसाठी आपण टाकतो तो रबरी बेडूक दहा-पंधरा ग्रॅमचा. त्यानं हा रॉड जागचा हलत नाही. मग माणूस सगळा जोर खांद्यातून लावतो, ल्यूर म्हणजे हे नकली आमिष वीस पावलांवर पडतं आणि तासाभरात हात भरून येतो.

पण खरी गोष्ट वेगळी आहे. समजा तुमची फेक ऐंशी मीटर गेली असती, तरी मासोळी लागलीच असती असं नाही. झाडीपट्टीतले आपले बहुतेक तलाव उथळ, पसरट, मालगुजारी काळातले. कोहळी लोकांनी धानासाठी बांधलेले. त्यांच्या मधोमध उन्हाळ्यात गाळ आणि तापलेलं पाणी असतं. जीव असतो तो काठाला: बेशरमाच्या झुडपाखाली, कमळाच्या पानांच्या कडेला, तुडुमाजवळच्या (पाणी सोडायच्या दाराजवळच्या) खोलगट भागात, पाळीच्या म्हणजे बांधाच्या दगडांच्या फटीत. तुमचे ते आजोबा काठीच्या लांबीएवढ्या पाण्यात, गवताच्या कडेला गांडूळ सोडून बसतात. हलत नाहीत, बोलत नाहीत, उभं राहून पाण्यावर सावली पाडत नाहीत. तुम्ही पाण्याशी धपधप चालत जाता, काठावरच्या मासोळ्या पळवून लावता आणि जिथं काही नाही तिथं फेकता. एक दिवस रॉड घरी ठेवून त्यांच्यामागे दहा पावलांवर बसा. गरी किती खोल सोडतात, धांड्याचं तरंगतं बूच किती वर बांधतात, जागा केव्हा बदलतात, एवढंच बघा. कोणत्याही व्हिडिओत ते नाही.

आता घ्यायचं काय. मरळीसाठी साडेसहा ते सात फुटांचा रॉड, ताकद मीडियम-हेवी, त्यावर १०–३० ग्रॅमच्या आसपासचा आकडा. रीळ ३००० साइझचं. बेटकास्टर (रॉडच्या वर बसणारं आडव्या स्पूलचं रीळ) चांगलाच, पण नवख्या माणसाचा अर्धा दिवस गुंता सोडवण्यात जातो, म्हणून आधी स्पिनिंगवरच हात बसवा. लाइन मात्र तंगूस म्हणजे एकेरी नायलॉन नको, ब्रेड म्हणजे विणलेली दोरी घ्या, ३० ते ४० पौंडी. तंगूस ताणतो. वीस मीटरवर मरळीनं बेडूक धरला आणि तुम्ही झटका दिला की अर्धा झटका तंगूसच खाऊन टाकतो आणि तिच्या हाडकं भरलेल्या जबड्यात गरी शिरत नाही. शिवाय ब्रेड गवत कापत बाहेर येते. रिळावर ब्रेड भरण्याआधी तंगूसाचे दहा-बारा वेढे घ्या, नाहीतर गुळगुळीत स्पूलवर अख्खी लाइन फिरत राहते आणि माणूस ड्रॅगला (ताण आला की लाइन सोडणाऱ्या रिळाच्या ब्रेकला) दोष देतो. गाठ पालोमर मारा. आवळण्याआधी थुंकीनं ओली करा, तंगूसाच्या बाबतीत तर विसरूच नका, कोरडी गाठ घर्षणानं तापून कमजोर होते. पैसे कमी असतील तर रॉडवर वाचवा, लाइनवर आणि गरीवर नको.

ल्यूर दोन पुरे. एक पोकळ पोटाचा बेडूक, ज्याच्या दोन्ही गऱ्या पाठीला चिकटून असतात आणि म्हणून गवतात अडकत नाहीत. दुसरं, उघड्या पाण्यासाठी छोटं स्पिनर, फिरत्या चकतीचं. चाळीस रंगांचे डबे विकणाऱ्यांचं पोट चालू द्या, आपल्या गढूळ पाण्यात काळा आणि पिवळट हिरवा एवढ्यावर भागतं.

मरळ हवा पिणारी मासोळी आहे. कल्ल्यांवर तिचं भागत नाही, दर थोड्या वेळानं वर येऊन तोंडानं हवा घ्यावीच लागते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा बोडीतलं म्हणजे छोट्या तळ्यातलं पाणी गुडघ्यावर येतं आणि रोहू-कतला तडफडतात, तेव्हाही ती मजेत असते, आणि म्हणूनच ती कुठं आहे हे आपल्याला कळतं. सकाळी वारा पडलेला असताना पाळीवर बसून पाणी बघा. गवतामधल्या मोकळ्या खिडकीत एक जाडसर, सावकाश बुडबुडा-वळसा उठतो, छोट्या माशाच्या टपकन आवाजासारखा नव्हे. तीच जागा पुन्हा हवेसाठी वापरली जाते. दोन वेळा दिसली की समजा घर सापडलं. आपल्याकडं दोन मरळी भेटतात. तलावातली पट्ट्यांची मरळ, बहुधा किलो-दोन किलोची, आणि नदीच्या मोठ्या डोहातली, अंगावर काळे डाग नि पांढरे ठिपके असलेली, जी मीटरच्या पुढंही जाते. पहिलीवर हात बसला की दुसरीच्या मागं लागा.

बेडूक त्या खिडकीवर नेमका टाकू नका. दोन-तीन मीटर पलीकडं, पानांवर टाका. पानांवरून ओढत आणा, खिडकीच्या कडेला थांबवा. थांबवा म्हणजे खरंच थांबवा, पाण्याचे कडे विरेपर्यंत. मग पाण्यात उतरवून एक हलका टिचका. मरळ येते तेव्हा पाणी फुटतं आणि नव्वद टक्के लोक त्या आवाजालाच झटका देतात. बेडूक हवेत उडून मागं येतो, मरळ खाली जाते. आवाज कानानं ऐका, झटका हाताला विचारून द्या. रॉडचं टोक खाली न्या, ढिली लाइन गुंडाळा, वजन लागलं की मग खांद्यापासून जोरात. ड्रॅग इथं घट्टच ठेवायचा, कारण तिला गवतात एक वळसा घ्यायची सवड मिळाली की संपलं. हुकली तर लगेच त्याच जागी पुन्हा टाका, बरेचदा ती रागानं परत येते. नव्या बेडकाच्या गऱ्या पाठीपासून जरा वर वाकवून घ्या, पाय थोडे कापा, आणि पोटात पाणी शिरलं की दाबून काढत राहा. बुडालेला बेडूक कोणी खात नाही.

वेळ म्हणाल तर मार्च ते पाऊस पडेपर्यंत सकाळी उजाडताना आणि संध्याकाळी शेवटचा तास. सप्टेंबरच्या शेवटी पाणी निवळू लागलं की पुन्हा. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात ती सुस्तावते, तेव्हा उलट दुपारी ऊन चढल्यावर जा.

एक बंधन मी पाळतो आणि तुम्हीही पाळावं अशी अपेक्षा आहे. पावसाळ्यात पाण्याच्या वर लालसर-केशरी पिलांचा एक थवा बुडबुडत फिरताना दिसेल. त्याच्याखाली त्यांचा राखणदार असतो. पिलांच्या वर काहीही टाकलं तरी तो ते मारतो, भुकेनं नव्हे, राखणीसाठी. त्याला उचलणं जगातली सगळ्यात सोपी शिकार आहे आणि तो उचलला की तासाभरात बगळे आणि छोटे मासे थवा साफ करतात. असे फोटो मिरवणाऱ्यांना मी शिकारी म्हणत नाही. पहिल्या पावसात सलंगावरून म्हणजे तलावाच्या सांडव्यावरून पाणी पडू लागतं, मासोळी अंडी टाकायला चढते, तेव्हाही गरी घरीच ठेवावी.

रोहू, कतला, मृगळ यांचं प्रकरण निराळं, कारण ते बहुतेक ठिकाणी कोणाचं तरी पीक असतं. मालगुजारी तलाव असो की पाटबंधाऱ्याचा, मासेमारीचा ठेका सहसा ढिवर-भोई समाजाच्या सहकारी संस्थेकडं असतो. ते मत्स्यबोटुकली म्हणजे माशांची बोटाएवढी पिलं विकत आणून सोडतात, वर्षभर राखतात. तुमच्यासाठी रोहू हा खेळ असला तरी त्यांच्यासाठी ती पोराच्या शाळेची फी आहे. आधी संस्थेच्या अध्यक्षाला भेटा, किती वेळ, किती गऱ्या, काय नेणार, सगळं मोकळेपणानं बोला. बरेच जण मरळ आणि तिलापी धरायला हसत परवानगी देतात, कारण मरळ त्यांची बोटुकली खाते आणि तिलापी जागा अडवते. विचारून बसलेल्या माणसाला तिथले जाणकार डोह दाखवतात, न विचारता बसलेल्याची गरी पाण्यातून वर येते ती त्यांच्या हातात. ताडोबा, पेंच, मेळघाट, नवेगाव-नागझिरा यांच्या हद्दीतल्या पाण्यात मात्र गरी टाकायचा विचारही नको. वन्यजीव कायदा १९७२ चा आहे आणि वनखातं तो फार गांभीर्यानं घेतं. मेळघाटातल्या नद्यांत खडस म्हणजे महसीर आहे, हे ऐकून जीभ चाळवते, मला माहीत आहे. तरी नाही.

परवानगी मिळाली तर कतल्याला वरच्या पाण्यात शोधा, रोहूला मधल्या, मृगळ आणि सायप्रिनसला (कॉमन कार्पला) तळाशी. तोंड बघितलं की पटतं: कतल्याचा खालचा जबडा वर वळलेला, मृगळाचं तोंड खाली. म्हणून एकाच डोहात दोघं बाजूबाजूला बसतात, एकाला लागते आणि दुसरा नशिबाला दोष देतो, फरक फक्त बुचाच्या उंचीचा असतो. चाऱ्याला आपल्याकडं काय कमी आहे? शेंगदाण्याची ढेप, तांदळाचा कोंडा, भाजलेल्या जवसाचा कूट आणि उन्हाळ्यात आंबवलेली मोहफुलं. मोहाच्या वासावर कतला येतो हे ढिवर लोकांकडूनच कळलं. सरकीची ढेप मी वापरत नाही, तळाला लवकर कुजते. मुठीएवढे दोन-तीन गोळे टाका, तळ भरू नका. पोट भरलेला मासा गरीकडं बघत नाही. इथं तंगूसच बरा, ०.३० ते ०.३५ मिलिमीटर, आणि ड्रॅग सैल, लाइनच्या ताकदीच्या चौथाईवर. रोहूचे ओठ मऊ असतात, मरळीसारखं ओढलं तर गरी फाटून निघते.

नदीच्या डोहात रात्री तळाला कोंबडीचं काळीज किंवा छोटा मासा सोडला की शिंगाळा, शिवडा आणि बाम येतात. शिवड्याचं तोंड डोळ्यांच्या मागपर्यंत फाटलेलं आणि आत बारीक दातांच्या रांगा. त्याला वीतभर स्टीलची तार लागतेच. शिंगाळ्याच्या परांचे आणि पाठीचे काटे करवतीसारखे. त्याला मुठीत धरायला जाऊ नका, ओल्या फडक्यानं डोक्यामागून दाबा. तलावातली छोटी काळी शिंगी त्याहून वाईट, तिच्या काट्यात विषच असतं. टोचली तर हात सहन होईल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, ठणका उतरतो. चुना-हळद थापून काही होत नाही. सूज चढत राहिली तर दवाखाना. काळजाच्या आमिषावर कधी मऊ पाठीचं कासव लागतं. ते संरक्षित आहे. ओढत काठावर आणू नका, जवळ आलं की लाइन गरीपाशी कापून सोडून द्या.

जाळ्याशिवाय सुतळी बॉम्ब, औषध, विजेची तार यांनी मासे मारणारे तुम्हाला भेटतील. स्फोटकं आणि विष टाकणं १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. अशा ठिकाणी थांबूच नका, विजेच्या तारेजवळ तर पाण्यात पायही घालू नका.

तुमचा भाग गोसेखुर्दच्या खाली आहे, म्हणून हे जरा सविस्तर. धरणाला ३३ दारं आहेत. ब्रह्मपुरीत ऊन पडलेलं असतं आणि वर मध्य प्रदेशात पाऊस पडून विसर्ग सुटलेला असतो. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेनं काय केलं ते तुमच्या गावानं पाहिलंय. जून ते ऑक्टोबर विसर्गाची सूचना बघितल्याशिवाय नदीच्या पात्रातल्या खडकावर बसायचं नाही. पाणी अचानक गढूळ झालं, काडीकचरा वाहू लागला, की सामान न आवरता निघायचं. कोरड्या दिवसांत धोका दुसरा: रेतीघाटांचे खड्डे. वर गुडघाभर पाणी आणि पुढच्या पावलाला दोन पुरुष. अडकलेलं ल्यूर सोडवायला पाण्यात उतरणं ही बुडण्याची ठरलेली वाट आहे. जाऊ द्या ते ल्यूर. आणि ब्रह्मपुरीचं जंगल तुम्हाला मी काय सांगणार? जंगलाला लागून असलेल्या तलावावर उजाडण्याआधी एकटं, खाली वाकून, पाण्याकडं तोंड करून बसलेला माणूस वाघाला माणूस दिसत नाही. मोहाच्या दिवसांत अस्वलं असतात. अशा तलावांवर दोघं-तिघं जा, ऊन वर आल्यावर जा आणि पाळीवर पाठीला काहीतरी आडोसा घ्या. मरळीचा सर्वोत्तम तास हुकला तर हुकला.

आता दापोली. तिथं तुमचा रॉड शोभेल, पण नुसतं लांब फेकून तिथंही भागत नाही. समुद्राचं पाणी भरती-ओहोटीवर चालतं आणि ते पंचांगात वाचता येतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ निघते: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावस्येला अकरा-बाराच्या दरम्यान. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी, आणि दररोज ती पाऊण तासानं पुढं सरकते. पौर्णिमा-अमावस्येला उधाण, पाणी जोरात. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मंद. गरी टाकायच्या आदल्या ओहोटीला कर्द्या-मुरुडच्या किनाऱ्यावर रिकाम्या हातानं चालत जा. ओल्या रेतीत लांबट खळगे, चर दिसतील. खाणाखुणा लक्षात ठेवा. पाणी चढू लागलं की मासे त्याच चरांतून काठाकडं येतात आणि तो चर पुष्कळदा तीस-चाळीस मीटरवरच असतो.

शिसं ८० ते १२० ग्रॅम, टोकदार, म्हणजे रेतीत रुततं. आमिष कोळंबी, तारली किंवा माकुल, हर्णै बंदरावर ताजं मिळतं. लिलाव बघायला घरच्यांना तिथं न्या, तुमचंही काम होईल. रिळावर ब्रेड आणि पुढं दीड-दोन मीटर जाड तंगूसाचा लीडर, कारण कालवं लागलेल्या खडकाला ब्रेड एका घासणीत तुटते. मोकळ्या किनाऱ्यावर रावस आणि समुद्री शिंगाळा, खडकाळ जागी आणि खाडीत तांबोशी, खाडीच्या तोंडाशी नशीब असेल तर जिताडा. सुरमई किनाऱ्यावरून मागू नका, तिच्यासाठी होडी लागते. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, डिसेंबरात ती अडचण नाही. समुद्री शिंगाळ्याचे काटेही विषारी आणि पाकट लागलं तर शेपटीपासून लांब राहून लाइन कापा. हातात घेतल्यावर फुग्यासारखा फुगणारा मासा लागला तर सोडून द्या, तो खाण्याचा नाही. खडकावर उभं राहायचं तर आधी दहा मिनिटं लाटा बघा. ओला, हिरवा, शेवाळी भाग म्हणजे लाट तिथवर येते.

रोज परतल्यावर रॉड आणि रीळ गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा. जोराचा फवारा नको, तो मीठ आत ढकलतो. धुताना ड्रॅग घट्ट ठेवा म्हणजे पाणी वॉशरपर्यंत जात नाही, मग पुसून सैल करा आणि सावलीत वाळू द्या. लाइन-रोलरवर तेलाचा एक थेंब, ड्रॅगच्या वॉशरवर अजिबात नको. वापरलेल्या गऱ्या कोरड्या गऱ्यांच्या डबीत परत टाकू नका, गावी पोचेपर्यंत सगळी डबी गंजलेली असेल.